औंधचे चित्रकार राजे : बाळासाहेब पंतप्रतिनिधी

औंध हे नाव घेतले की आपल्या पिंपरी-चिंचवडकडच्या भगिनींना सांगवीचा पूल ओलांडल्यावर लागणारे मुळाकाठचे औंध आठवते. परंतु महाराष्ट्रात दुसरे एक औंध आहे. ते सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून रहिमतपुरावरून तिकडे जाता येते. पाऊस तेथे बेताचाच. चोहीकडे मोकळे माळ, मधून मधून ज्वारी-बाजरीची शेते आणि गावाच्या डोक्यावर यमाईचा डोंगर. आपल्या वसाहतीत खटाव, माण, आटपाडी ह्या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांना हे औंध सांगावे लागणार नाही. इतरांनी मात्र ते जरूर जाणून घ्यावे. कारण ह्या कोरड्या मुलखातील डोंगराच्या निम्म्या वाटेवर एक चित्रसंग्रहालय उभे आहे, आणि त्यात राजा रविवर्म्यापासून युरोपातील कलावंतांपर्यंत अनेकांची कामे मांडलेली आहेत. मोठमोठ्या शहरांना हेवा वाटावा असा हा संग्रह त्या आडगावी कसा आला, हे पाहू गेल्यास एका विलक्षण माणसाचे चरित्र आपल्यासमोर उभे राहते. तो माणूस म्हणजे औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

पंतप्रतिनिधींचे घराणे मराठी इतिहासात नावाजलेले आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मोगलांशी झुंजून किल्ले परत घेणारे परशुराम त्र्यंबक हे ह्या घराण्याचे कर्ते पुरुष. ते मूळचे किन्हईचे कुलकर्णी. पराक्रमाच्या जोरावर ते प्रतिनिधिपदाला पोहोचले आणि पुढे हे पद घराण्यात वंशपरंपरा चालले. इंग्रजी अमलात ह्या घराण्याकडे औंधचे छोटेसे संस्थान उरले. सारी मिळून बहात्तर गावे, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. एवढ्याशा दौलतीतून ऐषआराम करायचा म्हटला तर राजाचा जेमतेम होईल, पण प्रजेच्या तोंडचा घास जाईल, अशी स्थिती.

अशा घरात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. ते थोरले पुत्र नव्हते, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा बाळगण्याचे त्यांना कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून ते बी. ए. झाले. संस्थानिकांच्या मुलांनी पदवीपर्यंत नेटाने शिकावे, असा तो काळ नव्हता. नंतर त्यांनी वडिलांच्या हाताखाली कारभाराचे काम पाहिले. वडिलांच्या मागून थोरले बंधू व त्यांच्या मागून पुतणे असे गादीवर आले, आणि शेवटी ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेबांना राज्याधिकार मिळाले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पोरवयात सत्ता हाती आली म्हणजे माणूस बिघडतो असे आपण ऐकतो. येथे उलट झाले. माणूस तयार झाला आणि मग सत्ता आली.

लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रकला आणि दुसरा कीर्तन. ते स्वतः ब्रश हाती घेऊन चित्रे काढीत आणि स्वतः उभे राहून कीर्तनही करीत. राजाने कीर्तनाला उभे राहावे ह्याचे त्या काळी कित्येकांना नवल वाटे. पण त्यांच्या मनात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. ज्याला वाचता येत नाही त्याला कीर्तन ऐकून कथा कळते आणि चित्र पाहून ती मनात ठसते. प्रजेतील बहुतेक माणसे निरक्षर. त्यांच्यापर्यंत रामायण-महाभारत पोहोचवायचे तर कान आणि डोळे ह्याच दोन वाटा होत्या. ह्याच हेतूने त्यांनी रामकथेवरील चित्रांची एक मालिका काढली आणि १९१६ साली ती चित्ररामायण म्हणून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे चाळीस वर्षांनी ज्यांच्या गीतरामायणाने घरोघरचे रेडिओ भोवती माणसे जमवू लागले, ते ग. दि. माडगूळकर ह्याच संस्थानच्या मुलखातले आणि औंधच्याच शाळेत शिकलेले. योगायोग म्हणा की संस्कार म्हणा, ज्या मातीत चित्ररामायण झाले त्याच मातीतून गीतरामायण आले.

चित्रांच्या बाबतीत बाळासाहेबांची नजर चिकित्सक होती. रविवर्म्याची चित्रे त्यांनी हौसेने जमविली. परंतु पुराणातील स्त्रियांना आजच्या पद्धतीचे लुगडे नेसवावे, हे त्यांना रुचत नसे. त्या काळची वेशभूषा कशी असेल, हे जुनी लेणी, शिल्पे आणि अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहून ठरवावे असा त्यांचा आग्रह. अजिंठ्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९१८ साली त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे महाभारताच्या सचित्र व शुद्ध आवृत्तीची कल्पना मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळचे लाख रुपये आणि औंधसारखे टीचभर संस्थान, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या देणगीची थोरवी कळते. त्या बीजातून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रचंड वृक्ष वाढला आणि जगातील विद्वानांनी त्याला मान दिला.

आता संग्रहालयाकडे वळू. कित्येक वर्षे जमविलेली चित्रे, मूर्ती, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम, जुनी हस्तलिखिते वाड्यात कोंडून न ठेवता त्यांनी यमाईच्या डोंगरावर एक इमारत बांधविली आणि १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय सुरू झाले. हवा आणि उजेड खेळता राहील, पण ऊन चित्रांवर पडणार नाही, अशी तिची बांधणी. तेथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, पहाडी शैलीची चित्रे आहेत. त्याखेरीज पाश्चात्त्य कलेचा विभाग आहे. त्यात काही मूळ कृती तर काही नामांकित युरोपीय चित्रांच्या प्रती आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर ह्यांची आई आणि मूल ही दगडी मूर्तीही ह्याच संग्रहात आहे. मुंबई-पुण्याच्या पलीकडे न गेलेल्या खेडुताला घरबसल्या जगाची कला पाहायला मिळावी, ही त्यामागची इच्छा.

भगिनींनो, अशा पाश्चात्त्य दालनात आपण गेलो की पुष्कळदा गोंधळून जातो. चित्र सुंदर वाटते, पण त्यात काय पाहायचे ते उमगत नाही. म्हणून युरोपीय चित्रांच्या एका प्रकाराची थोडी ओळख करून घेऊ. त्याचे वंशज आपल्या घरांतही येऊन गेलेले आहेत. जुन्या घरांच्या भिंतींवर काचेच्या चौकटीत लोकरीने भरलेले एक चित्र असे. ओढ्याकाठी झाड, झाडाखाली घेरदार झगा घातलेली गुराखीण, तिच्या पायाशी दोन मेंढ्या आणि मागे निळसर डोंगर. बिस्किटांच्या डब्यांवर, चिनी मातीच्या बशांवर, कॅलेंडरांवरही तीच बाई दिसे. ही बाई आली कोठून?

ती आली अठराव्या शतकातील युरोपातून. त्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये एक नवी शैली निघाली, तिला रोकोको म्हणतात. त्याआधीची चित्रे गडद, गंभीर आणि भव्य असत. रोकोकोने फिकट गुलाबी, आकाशी, मोतिया असे कोवळे रंग आणले, रेषांना नाजूक वळणे दिली, आणि देवादिकांच्या नि लढायांच्या जोडीला सहली, प्रेमिक, बागा, गुराखी हे विषय घेतले. इटलीत, विशेषतः व्हेनिस शहरात, ह्या शैलीला निसर्गचित्राची जोड मिळाली. ह्या प्रकारात ज्याचे नाव फार गाजले तो फ्रान्चेस्को झुकारेल्ली. तस्कनी प्रांतातील पितिल्यानो ह्या गावी १७०२ साली तो जन्मला, रोममध्ये शिकला आणि तिशीच्या सुमारास व्हेनिसला येऊन राहिला. त्याच्या चित्रांत वळसा घेत जाणारी नदी, कलती झाडे, एखादी पडकी कमान, पाण्यावर आलेली गुरे आणि गप्पा मारणाऱ्या अनवाणी बायका दिसतात. ऊन नेहमी संध्याकाळचे किंवा सकाळचे, कधीच भर दुपारचे नाही. पुष्कळ चित्रांत त्याने कोणाच्या तरी कमरेला पाण्याचा भोपळा अडकविलेला आहे. इटालियन भाषेत भोपळ्याला जो शब्द आहे त्याच्याशी त्याचे आडनाव जुळते, म्हणून ही जणू त्याची सहीच.

ही चित्रे घेत कोण? खेड्यातील माणसे नव्हेत. व्हेनिसमध्ये तर रस्त्यांच्या जागी पाण्याचे कालवे, तेथे गुरे कोठली? शहरी श्रीमंतांनी आणि इटलीच्या फेरीवर येणाऱ्या इंग्रज उमरावांनी ती डोक्यावर घेतली. व्हेनिसमधील इंग्रज वकील जोसेफ स्मिथ ह्याने झुकारेल्लीची पुष्कळ चित्रे जमविली, आणि १७६२ साली इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज ह्याने स्मिथचा सारा संग्रह विकत घेतला. झुकारेल्ली स्वतः दोन वेळा लंडनला जाऊन वर्षानुवर्षे राहिला. १७६८ साली तेथे रॉयल ॲकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापक सभासदांत तो होता. आपल्याला विशेष वाटावे असे हे की, त्याच यादीत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर ह्या दोन स्त्री चित्रकारही होत्या. पुढे झोफनी ह्या चित्रकाराने सभासदांचे सामुदायिक चित्र रंगविले. पुरुष प्रत्यक्ष उभे-बसलेले दाखविले, पण ह्या दोघींची मात्र तसबिरे भिंतीवर टांगलेली दाखविली. समोर नग्न पुरुष नमुना म्हणून बसलेला असल्याने तेथे स्त्रियांनी हजर असणे शिष्टसंमत नव्हते. सभासदत्व मिळाले, पण खोलीत जागा मिळाली नाही. झुकारेल्ली म्हातारपणी इटलीला परतला आणि १७८८ साली फ्लॉरेन्स येथे वारला. पुढच्या शतकात लोकांची आवड पालटली, खऱ्या शेतकऱ्याचे कष्ट दाखविणारी चित्रे पुढे आली आणि त्याची गुलाबी गुराखीण उतरत उतरत बशीवर आणि भरतकामात येऊन बसली.

ह्या प्रकारच्या चित्रांत एक गोम आहे. त्यांतील मेंढपाळ कधी उपाशी नसतो. त्याच्या नदीला कधी कोरड पडत नाही. त्याच्या बायकोच्या पायाला भेग नाही. आता ह्या चित्रासमोर औंध संस्थानातील धनगर उभा आहे अशी कल्पना करा. माणदेशचा तो मुलूख म्हणजे खऱ्या मेंढपाळांचा मुलूख. पाऊस फिरला की मेंढरे पुढे घालून, पोरेबाळे आणि संसार घोड्यावर लादून चाऱ्यासाठी मैलोगणती चालत जायचे, हे त्यांचे जिणे. ह्याच संस्थानच्या मुलखातील व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बनगरवाडी' ह्या कादंबरीत ते जसेच्या तसे उभे केले आहे. त्या कादंबरीतील राजेसाहेब धनगरवाडीत तालमीच्या उद्‌घाटनाला येतात. वाचणाऱ्याला ते बाळासाहेबांचीच आठवण करून देतात.

येथेच बाळासाहेबांचे वेगळेपण दिसते. गुराख्यांची सुंदर चित्रे जमविणारे राजे आणि सरदार युरोपात पुष्कळ होऊन गेले. पण भिंतीवर गुराखी आणि वेशीबाहेर खरा गुराखी, ह्या दोघांमधले अंतर त्यांना टोचले असे क्वचितच घडले. बाळासाहेबांना ते टोचले. चित्रांचा शौक त्यांनी सोडला नाही, परंतु चित्रे पाहण्याचा हक्क आणि पोटभर खाण्याचा हक्क हे दोन्ही आपल्या माणसांना मिळाले पाहिजेत अशी खटपट त्यांनी आयुष्यभर केली. त्या खटपटीच्या तीन-चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट कारखान्याची. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बाळासाहेबांहून वर्षाने लहान. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळले आणि ती वाट बंद झाली. मग ते यंत्रांकडे वळले. बेळगावला त्यांनी लोखंडी नांगराचा कारखाना काढला, पण तेथील जागा सोडणे त्यांना भाग पडले. त्या अडचणीच्या वेळी बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन निवडुंगाने आणि सापांनी भरलेली. तेथे १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसली. राज्य हाती येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. चित्रकार होऊ न शकलेल्या एका माणसाला चित्रकार राजाने आधार दिला आणि महाराष्ट्राच्या उद्योगाचा पाया घातला गेला. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत आपण जो कारखान्यांचा पट्टा पाहतो, ज्याच्या भोंग्यावर आपल्या घरांचे डबे भरले गेले, त्याच्या आधी कितीतरी वर्षे एका दुष्काळी माळावर मराठी माणसाचे यंत्र असे फिरू लागले होते. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तो १९५४ साली, म्हणजे किर्लोस्करवाडीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखानाही औंधच्याच आश्रयाने वाढला. तेथले प्रभाकर कंदील घरोघर गेले. आणि आणखी एक गोष्ट भगिनींनी विसरू नये. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले ते ह्याच किर्लोस्करवाडीतून. कित्येक घरांतील सुनांनी ते वाचून पहिल्यांदा आपल्या मनातले कागदावर उतरविले.

दुसरी गोष्ट सूर्यनमस्कारांची. तरुणपणी बाळासाहेबांनी सँडो ह्या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीने साधने आणून व्यायाम केला. नंतर त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याकडे पूर्वापार चालत आलेल्या नमस्कारांना साधन लागत नाही, पैसा लागत नाही, फार जागाही लागत नाही. १९०८ च्या सुमारास त्यांनी ते नियमाने घालण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. संस्थानातील शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे केले. १९२८ साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी ह्या व्यायामाची माहिती घेऊन वृत्तपत्रातून लिहिले आणि १९३८ साली लंडनला त्यावर पुस्तकही निघाले. आज जगभर योगवर्गांतून सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे औंधच्या राजाची ही तपश्चर्या आहे. स्त्रियांनी व्यायाम करू नये, त्यांना घरकाम पुरे, असे म्हणणाऱ्या त्या काळात स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असे त्यांनी आग्रहाने सांगितले. त्यांच्या स्वतःच्या घरातील स्त्रियाही ते घालीत. बाईचे आरोग्य म्हणजे घराचे आरोग्य, ही गोष्ट त्यांना पुरती पटली होती.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. १९३८ च्या अखेरीस, म्हणजे ज्या साली संग्रहालय उघडले त्याच साली, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर बंगळूरची नोकरी करीत असता गांधीजींच्या विचाराकडे ओढले गेले आणि औंधला आले. ह्या दोघांनी गांधीजींची भेट घेतली आणि त्यांच्या सल्ल्याने औंधची नवी राज्यघटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावाची पंचायत गावाने निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ अशी तिची रचना. गावचे तंटे गावातच, खर्चाविना मिटावेत अशी सोय. हिंदुस्थानात शेकडो संस्थानिक होते. आपली गादी कशी टिकेल ह्या विवंचनेत बहुतेक जण होते. सत्तरी गाठलेल्या ह्या राजाने मात्र ती सोडली. घटनेची भाषा लिहिणे सोपे. परंतु सकाळी उठल्यावर आपला हुकूम आता चालणार नाही, हे मनापासून मानणे कठीण. ते त्यांनी केले.

ह्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची उघडी वसाहत निघाली. कल्पना फ्रीडमन ह्यांची आणि तिला राजाची साथ. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीविना, बेडीविना शेती करू लागले. त्यांची कुटुंबेही सोबत राहू शकत. पुढे ह्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. तो बोलपट पाहून डोळे पुसलेल्या किती भगिनींना ठाऊक असेल की, त्याचे मूळ आपल्याच मराठी मुलखातल्या एका माळावर आहे?

कलावंतांना बाळासाहेबांनी आपल्या गावात जागा दिली, ही चौथी गोष्ट. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार. वेदांच्या अभ्यासाने झपाटलेले ते गृहस्थ १९१८ च्या सुमारास औंधला येऊन राहिले आणि तीस वर्षे तेथून त्यांनी वेदग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांचे चिरंजीव माधवराव औंधच्या ह्या चित्रमय वातावरणात वाढले आणि पुढे चित्रकलेच्या शिक्षणासाठी इटलीत फ्लॉरेन्सला गेले. ज्या शहरात झुकारेल्लीने डोळे मिटले त्याच शहरात औंधच्या मुलाने चित्राचे धडे घेतले. परत आल्यावर त्यांनी तेथील गुलाबी गुराखीण रंगविली नाही. आपल्याकडची माणसे, आपल्याकडचे बाजार, आपल्याकडचे ऊन त्यांनी रंगविले, आणि पुढे ते महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. परक्याची कला पाहून आपली दृष्टी उघडावी, पण पाय आपल्याच जमिनीवर राहावेत, हे बाळासाहेबांना जे अभिप्रेत होते ते येथे साधलेले दिसते.

मराठी भाषेनेही ह्या राजाचा गौरव केला. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोपर्यंत त्याचा कारभार नऊ वर्षे प्रजेच्याच हाती होता, त्यामुळे तेथे राजा जाण्याचा धक्का फारसा बसला नाही. बाळासाहेबांनी आधीच वाट मोकळी करून दिली होती. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अप्पासाहेब पुढे परराष्ट्र सेवेत गेले आणि अनेक देशांत, त्यांत इटलीतही, भारताचे राजदूत म्हणून राहिले. डोंगरावरचे संग्रहालय आता महाराष्ट्र शासन सांभाळते.

ह्या चरित्रात उणे काहीच नाही असे म्हणणे खोटे होईल. त्यांची राजवट गोड असली तरी ती एका माणसाच्या इच्छेवर उभी होती, आणि सक्तीचे नमस्कार घालणाऱ्या पोरांना ते सगळ्यांनाच आवडत असतील असेही नाही. ज्याच्या पोटात भाकर नाही त्याला चित्रे कशाला हवीत, असे विचारणारेही असतील. हा प्रश्न खोटा नाही, आणि आपल्याही मंडळात तो वेगळ्या रूपाने निघतोच. हळदीकुंकू, भरतकामाचा वर्ग, चित्रप्रदर्शन ह्यांवर वर्गणी खर्च करावी की एखाद्या गरजू मुलीची फी भरावी? बाळासाहेबांच्या आयुष्याने ह्याला उत्तर दिले आहे. त्यांनी ह्या दोहोंत निवड केली नाही. ज्या हाताने चित्र जमविले त्याच हाताने नांगराच्या कारखान्याला जमीन दिली, आणि शेवटी त्याच हाताने सत्तेचा कागद लोकांना दिला. सौंदर्य आपल्यापुरते ठेवले तर ती चैन होते. ते सर्वांसाठी मांडले, आणि पाहणाऱ्याच्या भाकरीचीही काळजी वाहिली, म्हणजे त्याला संस्कृती म्हणता येते.

आपला पट्टा एके काळी शेतांचा आणि गुरांचाच होता. पवनेकाठी गुरे पाण्यावर येत, इंद्रायणीकाठी मेंढरे बसत. आता तेथे कारखाने आणि इमारती आहेत, आणि दिवाणखान्यात हिरव्या कुरणाचे चित्र टांगण्याची हौस आपल्याला आली आहे. व्हेनिसच्या श्रीमंतांनाही ती अशीच आली होती. हौस वाईट नाही. मात्र त्या चित्राखाली बसताना आपल्या दारी कामाला येणारी बाई कोणत्या कोरड्या गावाहून आली, तिच्या मुलीची शाळा सुटली की चालू आहे, एवढी चौकशी आपण केली तर त्या भिंतीवरच्या चित्राला अर्थ येईल.

येत्या वर्षी मंडळाची सहल काढायची झाल्यास औंधचा विचार अवश्य करावा. यमाईचे दर्शन घडेल, डोंगर चढल्याने व्यायाम होईल आणि वाटेतल्या त्या संग्रहालयात दोन तास कसे गेले ते कळणार नाही. चित्रांपुढून घाईने जाऊ नये. रविवर्म्याच्या चित्रापुढे थांबावे, हेन्री मूरची आई डोळे भरून पाहावी, पाश्चात्त्य निसर्गचित्र दिसले तर त्यात ऊन कोणत्या बाजूचे आहे ते शोधावे. आणि बाहेर आल्यावर खाली पसरलेल्या माळाकडे पाहून, एवढ्याशा दौलतीच्या धन्याने केवढे देऊन ठेवले, ह्याचा मनाशी हिशेब करावा.